पिवळ्या मुठीची पकड

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. सवयीने लिहिले आहेत; या वेळी पोचतीलच असं नाही.

काल, चौदा ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या नावेचं इंजिन तलावाच्या मध्यावर बंद पडलं. हे तुला सांगायला नको, तू धक्क्यावरून पाहत होतास. मी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेत होते तेव्हा तू सावकाश चहा संपवलास. मग बर्फवाल्याची नाव घेऊन आलास आणि मला वासरासारखं दोराला बांधून ओढत नेलंस. इथवर उपकार म्हणून सोडून दिलं असतं. पण सगळ्या धक्क्यापुढे तू म्हणालास की इंजिनाचंही वय झालं आणि ताईचंही. लोक हसले. त्या हशातच तू माझ्या नावेला साखळी घालून आपलं कुलूप लावलंस आणि नाव बर्फवाल्याला देऊन टाकू म्हणालास.

आयुष्यभर मी ऑपरेशन थिएटरची मेट्रन होते. माझ्यापुढे सर्जन आवाज चढवत नसत. हे गेल्यापासून घरात मी कुणाची आत्या, कुणाची शेजारीण. रोज सकाळी पाण्यावर मात्र मी माझी असते. ते तू कुलपात घातलंस.

इंजिन आणि टाकीचं खोकं मी घरी आणवलं आहे. अंगणात पिंपभर पाण्यात लावून तपासणार आहे. तोवर नाव विकलीस तर आपलं नातं त्याच पिंपात बुडालं समज.

भावजयीला आशीर्वाद. तिचा दोष एवढाच की तिने तुझ्याशी लग्न केलं.

ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. उघडताना हात भाजले.

अगं, काळजीपोटी केलं. भावोजींनी ते इंजिन घेतलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते, यावरून त्याचं वय काढ. आतलं सगळं झिजलं आहे. नादुरुस्त इंजिनाची नाव पाण्यात सोडू नये असा धक्क्याच्या समितीचा नियम आहे आणि मी समितीचा सचिव. सख्ख्या बहिणीला सूट दिली तर लोक काय म्हणतील?

तुझ्या पत्रात माझ्यावर संशयाचा वास येतो. आदल्याच संध्याकाळी व्याह्यांना फिरवायला नाव नेली तेव्हा इंजिन नीट चाललं. टाकी परत देताना गाडीत पेट्रोलचा वास नको म्हणून मी सगळं घट्ट आवळून बंद केलं होतं. आईची शिकवण, उघडं झाकण दिसलं की मला जेवण जात नाही.

बर्फवाल्याला शब्द दिला आहे. तो एक तारखेच्या रविवारी नाव नेईल. राग मानू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. माझी पिवळ्या मुठीची पकड टाकीच्या खोक्यात राहिली असावी. सापडली तर जपून ठेव.


२१ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

शाळेत नन्स सांगायच्या की कुणाकडे बोट दाखवण्याआधी ते स्वच्छ धुवावं. माझी दहाही बोटं दोन दिवस ग्रीसमध्ये होती. धुतली आणि लिहायला बसले.

आधी स्पार्क प्लग काढला. ठिणगी उत्तम, पण प्लग कोरडा ठणठणीत. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. गाळणी उघडली, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, चीर नाही. मग इंजिन पिंपात लावलं, नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. पठ्ठ्या सुरू झाला, शेजाऱ्यांची दुपारची झोप मोडली, आणि थोड्या वेळाने धापा टाकत गप्प झाला. तलावावर झालं तस्संच.

तेव्हा मी फुग्याकडे पाहिलं. तो कवळी काढलेल्या गालासारखा आत बसला होता. इंजिन ओढत होतं आणि टाकी सोडत नव्हती. हे दुखणं माझ्या ओळखीचं. आम्ही काचेच्या बाटलीतून सलाइन द्यायचो तेव्हा बाटलीत हवेसाठी वेगळी सुई टोचावी लागे. ती विसरली की बाटली भरलेली, नळी मोकळी, आणि थेंब बंद. हवा आत गेल्याशिवाय काही बाहेर येत नाही. यावरून मी कितीतरी नव्या नर्सांना रडवलं आहे.

टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा पितळी स्क्रू असतो. ह्यांनी तो कायम सैल ठेवला आणि त्याला हात लावायचा नाही अशी मला ताकीद दिली. मी कधी लावला नाही. आता लावला तर तो हलेना. पितळेवर पकडीच्या दातांचे ताजे ओरखडे. बरण्यांची झाकणं पकडीने आवळणारा, ज्याच्या घरी चमचाभर साखर काढायला सुतार बोलवावा लागतो, असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

तुझी पकड खोक्यात सापडली. तिनेच स्क्रू सोडवला. टाकीने एवढा लांब श्वास आत ओढला की मांजर पळालं. दुसऱ्या ओढीत इंजिन सुरू झालं आणि मी बंद करेपर्यंत चाललं.

कुलूप काढ. आणि जिथे बोललास तिथेच उभा राहून शब्द मागे घे.

ताई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं, तेही व्याही बसलेले असताना. ते अजून हसताहेत.

समज, स्क्रू मी आवळला असेल. पण निघण्याआधी तपासायचं काम चालवणाऱ्याचं असतं. धक्क्यावर जाहीर काही बोलणं सचिवाला शोभत नाही. तू घरीच जेवायला ये, तिथे विषय संपवू. बर्फवाल्याचं मात्र माझ्या हातात नाही. दिलेला शब्द मोडता येत नाही.

पकड पाठवून दे. मोरीतला नळ गळतो आहे.

धाकटा


२६ ऑक्टोबर

धाकट्या,
आशीर्वाद नाहीत.

तपासायचं काम चालवणाऱ्याचं, हे मान्य. यापुढे तुझ्या हाताखालून आलेली टाकी मी अपघातातल्या पेशंटसारखी तपासेन. पण एक नीट समजून घे. स्क्रू आवळलास ती तुझी सवय. कुलूप लावलंस ती तुझी नियत. सवयीला मी हसून सोडलं असतं.

बर्फवाला काल आला होता. त्याला इंजिन चालवून दाखवलं, पितळेवरचे ओरखडेही दाखवले. तो पिंपाला धरून हसला. नाव नको म्हणाला. मेट्रनबाईंच्या वाटेला जाण्यापेक्षा बर्फ पोहत पोचवीन म्हणाला. तेव्हा ती ढाल तुझ्या हातून गेली.

आता शिक्षा. रविवारी सकाळी, तोच धक्का, तीच वेळ. तू माझ्या नावेत प्रवासी म्हणून बसशील. धक्का सोडला की मी तो स्क्रू तुझ्याच पकडीने आवळीन. मध्यावर इंजिन धापा टाकेल आणि बंद पडेल. मग तू दोरी ओढशील आणि मी थर्मासमधला चहा सावकाश संपवीन. तू काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणशील की इंजिन ठणठणीत आहे, ताई ठणठणीत आहे, आणि आवळलं ते मी. तोवर पकड माझ्या पिशवीत राहील. दोर टाकायला कुणी येणार नाही. बर्फवाल्याने मला तसा शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द मोडता येत नाही हे तूच लिहिलं आहेस. व्याही आणि विहीणबाई धक्क्यावर असतील. मीच बोलावलं आहे.

तुझ्या सहीचा लेखी होकार आणि कुलपाची किल्ली गुरुवारी, एकोणतीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारात हवी. तोंडी निरोप चालणार नाही. भावजयीला पाठवलंस तर तिला ठेवून घेईन. पाच वाजून गेले तर पकड थेट तलावात जाईल आणि तुझी दोन्ही पत्रं धक्क्याच्या फळ्यावर लागतील. नळ गळू दे.

लोभ आहे की नाही, ते तुझं उत्तर वाचून कळवीन.

ताई