स्प्रिंग कापलेलीच राहील

मी, श्रीमती कुमुदिनी दामोदर बिवलकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण या वयात स्वयंपाकाच्या ओट्यावर बंदूक उघडून बसणाऱ्या बाईच्या डोक्याबद्दल शंका घेणारे माझ्या घरातच आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणून पाहणारे होऊन गेले, त्यांचा उल्लेख योग्य जागी येईल. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या वकिलाने इंग्रजीत टाइप करून आणलेल्या मृत्युपत्रावर मी भिडेखातर सही केली होती. ते याद्वारे रद्द करते.

कलम १. वारस. मला एकच मुलगा, उन्मेष, राहणार गुडगाव. त्याची पत्नी सुरुची. माझे यजमान दामोदर बिवलकर हयात नाहीत. याखेरीज कोणी वारस म्हणून उगवल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

कलम २. सदनिका. मयूर विहारमधील तळमजल्याची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. फरीदाबादचे घर विकून आलेली रक्कम आणि माझा प्रॉव्हिडंट फंड यांतून ती घेतली. ती मी उन्मेषला देते. मुलाचा हक्क वगैरे म्हणून नव्हे. हक्काची भाषा त्याने निदान मी असेपर्यंत करू नये. तो माझा मुलगा आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे, म्हणून देते.

या घरात ओट्यापासून आतल्या खोलीच्या भिंतीपर्यंत, मधली दोन दारे उघडी ठेवली की, सरळ दहा मीटर मिळतात. घर पाहायला आले तेव्हा दलाल मला खिडकीतली हवा दाखवत होता आणि मी दारे एका रेषेत आहेत का ते पाहत होते. सोसायटीच्या सचिवांनी माझ्याविरुद्ध दोनदा तक्रार केली आणि नंतर स्वतःच दारात येऊन म्हणाले, "आंटीजी, गन है ही आपके पास, तो छत के बंदर भगा दीजिए ना." मी म्हटले, "मैं काग़ज़ पर चलाती हूँ, जानवर पर नहीं." तेव्हापासून त्यांनी अबोला धरला आहे. उन्मेषने हे घर खुशाल विकावे, फक्त या सचिवांच्या मेहुण्याला विकू नये.

कलम ३. ठेवी व दागिने. बँकेतील ठेवी उन्मेष व सुरुची यांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात, आणि सुरुचीचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात जावा. पाटल्या सुरुचीला. मोहनमाळ माझ्या नणंदेला, शेवंतावन्संना द्यावी. ती आपल्या आईची आहे असे त्या माझ्या लग्नापासून चारचौघांत सांगत आल्या आहेत. ती माझ्या आईची आहे. हे त्यांना स्पष्ट सांगावे आणि मगच माळ हातात द्यावी.

कलम ४. बंदूक. माझ्या ताब्यात एक छर्ऱ्याची बंदूक आहे. नळी मोडून भरायची, आत स्प्रिंग असलेली, परवाना लागत नाही त्या जातीची. फरीदाबादच्या मराठी मंडळात, नात्यात आणि खुद्द उन्मेषच्या तोंडी ती 'बाबांची बंदूक' म्हणून ओळखली जाते. हे चूक आहे आणि मी ते येथे दुरुस्त करते.

विकत यजमानांनी घेतली, हे खरे. त्यांच्या मित्रमंडळींत बंदुकीची पारख एकाच रीतीने व्हायची: बार किती मोठा वाजतो आणि फळीत छर्रा किती खोल घुसतो. त्यामुळे ते आधीपेक्षा जाड, मग त्याहून जाड, अशा स्प्रिंगा घालत गेले. तरी आवाज कमी वाटला की नळीच्या मागून तेलाचा थेंब सोडायचे. दाबलेल्या हवेने ते तेल आत पेटायचे, धडाम व्हायचे, धूर निघायचा, मंडळी टाळ्या वाजवायची. आतला चामड्याचा वायसर जळत होता, त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. नेम मात्र लागत नसे. मग छर्रे खराब, नळी वाकडी, वारा आडवा. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी शाळेत शिकवायची आणि घरी बघायची.

चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला जायची. स्मारकापाशी डोके टेकून, भाषणे ऐकून परतताना एका ओळखीच्या शेतात जेवण असे. तेथे पुरुष डबे मांडून नेम धरत आणि बायका तिळगूळ वाटत. एका वर्षी मी तिळगुळाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "एक मला मारू द्या."

यजमान म्हणाले, "खांदा निखळेल तुझा. मग परत नेताना आम्हाला ताप."

सगळे हसले. मीही हसले, तेव्हा तशी रीत होती. त्या दिवशी त्यांच्याने एकही डबा पडला नाही. "पानिपताहून येताना पुन्हा पानिपत," असे मी बसमध्ये शेवंतावन्संच्या कानात म्हणाले, आणि त्यांनी ते घर येण्याआधी भावाच्या कानात घातले. पुढचे काही दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही. मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

ते गेल्यावर उन्मेष म्हणाला, "आई, ही भिंतीवर लावू. बाबांची आठवण." मी म्हटले, लावू. तो गुडगावला परतताच मी ती ओट्यावर घेतली.

दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली तर दात पडतात. त्यासाठी कारखान्यांत यंत्र असते, माझ्याकडे लाकूड पेचाने आवळून धरायचा सुताराचा लांब शिकंजा होता. त्यात बंदूक आडवी धरली, पिन काढली आणि पेच हळूहळू सैल करत स्प्रिंगला बाहेर येऊ दिले. आतून काळे ठिक्कर ग्रीस, जळून कडक झालेला वायसर आणि ट्रॅक्टरला शोभेल अशी स्प्रिंग निघाली. ती मी कापली. कापलेले टोक गॅसवर लाल करून चपटे बसवले, कानशीने सपाट केले. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून चामड्याचा तुकडा आणून, भिजवून, वाटीसारखा दाबून नवा वायसर केला आणि तेलात मुरवून पुसून घेतला. स्प्रिंग दट्ट्याच्या आत घासून झणझणत असे, तिला कोल्ड्रिंकच्या बाटलीचे प्लास्टिक गुंडाळून अस्तर दिले. चापाच्या आतले खरखरीत भाग पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. ग्रीस नखावर मावेल इतकेच लावले. सगळा खर्च मिळून यजमानांच्या एका परदेशी स्प्रिंगइतकाही झाला नाही.

आता तिचा आवाज टप् एवढाच येतो. फळी फुटत नाही. कागदावर पाच छर्रे मारले तर पाचही छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. जोर कमी केला म्हणून नेम लागू लागला, हे यजमानांना सांगायची माझी फार इच्छा होती. ते राहून गेले. त्यांचा राग येतो तेव्हा मला त्यांची आठवणही येते, आणि दोन्ही एकदम आले की मी जाऊन नेम धरते.

मागल्या वर्षी ज्येष्ठांच्या एका स्पर्धेत मी ही बंदूक घेऊन गेले. महागड्या बंदुकांच्या रांगेत माझा बाटलीच्या प्लास्टिकचा संसार पाहून एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ये तो बच्चों वाली है." मी शेवटून दुसरी आले. सर्वांत शेवटी तेच गृहस्थ होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, पण मला ते पाठ आहे.

ही बंदूक मी उन्मेषला देते. अटी अशा: स्प्रिंग कापलेलीच राहील. आत तेलाचा थेंब जाणार नाही. भिंतीवर टांगली जाणार नाही. आणि कोणी विचारले तर ती आईची बंदूक आहे असे तो सांगेल.

कलम ५. हत्यारे. शिकंजा, कानशी, लहान ग्राइंडर व इतर जिन्नस बंदुकीसोबत जातील. यजमानांच्या जुन्या जाड स्प्रिंगा माळ्यावर आहेत, त्या ज्याला दाराला लावायच्या असतील त्याने न्याव्यात.

कलम ६. अंत्यविधी. विद्युतदाहिनी. भाषणे नकोत. शेवंतावन्सं ऐकणार नाहीत, तेव्हा त्यांना बोलू द्यावे, पण उभ्याने.

कलम ७. वरचा मजकूर लिहून आठवडा झाला. सही आज करायची होती, पण त्याआधी जे घडले त्यामुळे हे कलम जोडणे भाग आहे.

मागल्या रविवारी उन्मेष "दस्त्याला पॉलिश करून आणतो" म्हणून बंदूक घेऊन गेला. आज माझा वाढदिवस. सकाळी तो आणि सुरुची केक घेऊन आले, मागोमाग बंदूक आली. दस्ता खरोखरच छान चकाकत होता. उन्मेष म्हणाला, "सरप्राईज, आई. आत नवीन स्प्रिंग टाकून घेतली. बाबांच्या वेळची पॉवर, बिल्कुल तशीच. आता ऐक."

त्याने ओट्यापाशी उभे राहून बार काढला. धडाम झाले आणि धूर आला, म्हणजे तेलाचा थेंबही पडला होता. छर्रे अडवायला मी ठेवलेली, चिंध्या भरलेली पुठ्ठ्याची पेटी फोडून छर्रा भिंतीत गेला आणि प्लास्टर खाली आले. उन्मेष खूष होऊन माझ्याकडे पाहत होता. तो हुबेहूब त्याच्या वडिलांसारखा दिसत होता.

मी पाच मारले. पाच छर्रे पाच दिशांना गेले. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं, हात थरथरतो आता तुझा. वय झालं ना."

माझा हात थरथरत नाही. हे मी मृत्युपत्रात लिहून ठेवते, कारण येथे लिहिलेले कोर्टात धरतात.

मग सुरुची म्हणाली, "मी एक मारून बघू?" लग्नाला इतकी वर्षे झाली, तिने बंदुकीला कधी हात लावला नव्हता. खरे तर तिला कोणी विचारलेच नव्हते. त्यात मीही आले.

उन्मेष म्हणाला, "तू नको यार. खांद्याला झटका बसेल, उद्या तुला ऑफिस आहे."

हे ऐकल्यावर मी शिकंजा काढला.

"आई, काय करतेस? गिफ्ट होतं ते," उन्मेष म्हणाला. त्याला लागले होते, चेहऱ्यावर दिसत होते. त्याने प्रेमाने केले हे मला कळते. मला रडू आले आणि मी रडले, पण पेच फिरवायचा थांबवला नाही. मी त्याला म्हटले, "तू मला विचारलं नाहीस. तुझ्या बाबांनीही कधी विचारलं नाही. मी काय करून ठेवलं होतं ते उघडून तरी बघायचं होतंस."

तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. सुरुची बाह्या सारून ओट्यापाशी आली. "आई, मी पकडते. किधर, इथे?" ती दिल्लीत वाढली, तिला दट्ट्या म्हणजे काय ते सांगावे लागले. पिन निघाली तेव्हा तिने श्वास धरून ठेवला होता. ग्रीस लावताना म्हणाली, "थोडं अजून लावू ना?" मी म्हटले, "भजी तळायची नाहीत." नव्या स्प्रिंगचे वेढे मी कापले, टोक तिने गॅसवर धरले. उन्मेष मध्येच आत आला आणि त्याने ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून पडदा बाजूला केला. मग तो धरून तिथेच उभा राहिला. मी त्याची आई आहे, एवढे मला पुरते.

सबब कलम ४ मधील देणगी मी रद्द करते. घर, ठेवी वगैरे पूर्वीप्रमाणेच. नव्या स्प्रिंगचा कापलेला तुकडा उन्मेषला द्यावा. तो त्याने टेबलावर ठेवावा आणि पाहुण्यांनी, सहकाऱ्यांनी, कोणीही विचारले तर काय आहे ते सांगावे.

बंदूक कोणालाही मृत्युपत्राने देत नाही. मी मेल्यावर कोणाला काय वाटेल याच्या भरवशावर ती ठेवायची माझी तयारी नाही. बंदूक व हत्यारे मी आज, हयातीत, साक्षीदारांसमक्ष सुरुचीच्या ताब्यात दिली. ती माझ्या मिळकतीत धरू नये. स्प्रिंगचे काय करायचे ते यापुढे सुरुची ठरवील, आणि तिने बदलायची म्हटले तर तिला विचारणारा कोणी नाही, मीसुद्धा नाही. मला नेम धरायचा झाला तर मी तिची परवानगी घेईन.

सही करण्याआधी एकदा विचारून पाहिले. ती ओट्याला टेकून, एक डोळा मिटून उभी होती. मान न वळवता म्हणाली, "थांबा आई, माझे अजून तीन राहिलेत."

मी थांबले आहे.

व्यवस्थापक म्हणून माझी शेजारीण व मैत्रीण श्रीमती पद्मजा रेगे यांना नेमते. हा मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. मग त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या. उन्मेष व सुरुची लाभार्थी असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

(सही) कुमुदिनी दामोदर बिवलकर

साक्षीदार:
१. (सही) परीक्षित ताम्हाणे, राहणार पहिला मजला, याच इमारतीत
२. (सही) अमोल शिरसाट, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, भाडेकरू, दुसरा मजला, याच इमारतीत

स्थळ: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५