पत्रावरचं तपकिरी भोक

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार आणि एक तक्रार.

मी खुशाल आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुमचं रेडिएशन अर्धं पार पडलं, हे वाचून जीव भांड्यात पडला. घसा फार दुखतो का? आई नीट झोपते ना?

आता तक्रार. तुमच्या पत्राला तपकिरी कडेचं बारीक भोक आहे. आमच्या प्रयोगशाळेत शंका आली की आपला अंदाज न सांगता दुसरीला दाखवायचं, असा नियम आहे. मी कागद मायक्रोस्कोपखाली ठेवून शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीला बोलावलं. ती म्हणाली, "जळलाय गं. घरी सिगारेट कोण ओढतं?"

दिवसभर मी कॅन्सरच्या गाठींमधल्या रक्तवाहिन्या मोजते. गाठ घाईघाईने स्वतःच्या वाहिन्या वाढवते, पण त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. म्हणून गाठीत कुठे कुठे प्राणवायू पोचत नाही, आणि तिथे किरणांचा असर कमी होतो. सिगारेटच्या धुरामुळे रक्तातला प्राणवायू आणखी घटतो. इतकं सोसून तुम्ही गाठीचीच बाजू घेताय.

शेजाऱ्यांचं नाव पुढे करू नका. ते तुमच्या पत्रावर राख कशाला पाडतील?

चष्मेवालीला मी म्हटलं, "बाबा ओढायचे, पण त्यांनी सोडली." पाटीवर मोजायला शिकवताना तुम्हीच सांगायचात, खात्री नसेल ते बोलायचं नाही. मी बोलून बसले आहे. ते खरं करणं आता तुमच्या हातात आहे.

तुमची संशयी लेक