सहअर्जदाराच्या रकान्यात तुमचं नाव

प्रिय बाबा,

जय भीम.

आज बँकेत मी घोळ घातला. शिक्षणकर्जाच्या अर्जात सहअर्जदाराच्या रकान्यात तुमचंच नाव लिहून आले. आजवरच्या प्रत्येक फॉर्मवर तुमचीच सही असायची ना! साहेब म्हणाले, "बाबाले घेऊन येजो सोमवारी, सही लागन त्यायची." आणि मी चक्क 'हो' म्हणाले! तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, हे बाहेर आल्यावर आठवलं. हसावं की रडावं? दोन्ही केलं, वर्ध्याच्या बसस्टँडवर. म्हणून हे पत्र.

फार्मसीची दोन वर्षं राहिलीत. एक तर कर्ज, नाहीतर कॉलेजसमोरच्या मेडिकलमध्ये दुपारी दोन ते सात काम. दुकानदार काका भले आहेत, औषधांची नावं आपोआप पाठ होतील म्हणतात. पण प्रॅक्टिकलं दुपारीच असतात, त्यांचं काय? आणि कर्ज काढलं तर नोकरी लागेपर्यंत जीव टांगणीला. काल कर्ज बरं वाटत होतं, आज सकाळी काम. आत्ता विचाराल तर मला काहीच कळत नाही.

आईला विचारलं. ती शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "बँकेची सही म्हटली का मले भेवच वाटते," म्हणाली. मग दोरा तोडून पुढे बोलली, "पण कामाचंही नको सांगू मले. तुहे बाबा बारावीत नापास नाई झालते. पेपरलेच नाई बसले."

बाबा, हे काय ऐकतेय मी? फीसाठी तुम्ही हायवेवरच्या जाम गावच्या ढाब्यावर तंदूर सांभाळायला लागलात. पैसे जमले, ते घेऊन कॉलेजात गेलात, तर परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आठवड्यापूर्वीच उलटून गेलेली! नोटीस बोर्ड बघायला तुम्हाला सुट्टी कोण देणार होतं? त्याच पैशांत आत्याला सायकल घेतलीत आणि ढाब्यावर परत गेलात, ते कायमचे.

आणि आम्हाला काय सांगितलंत? "इंग्रजीत लटकलो." मला कमी मार्क पडले की हेच सांगून हसवायचात. मी किती चिडवलंय तुम्हाला त्यावरून! एकदा तरी खरं सांगायचं होतं. नापास म्हणवून घेणं सोपं वाटलं का? राग येतोय मला तुमचा. तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर आज इतकी गोंधळले नसते. किंवा गोंधळलेही असते, काय माहीत.

तुमचं ऐकून कामाची भीती वाटते आणि आईकडे पाहिलं की कर्जाची. कोणाचं धरू?

सोमवारपर्यंत काहीतरी ठरवीन. काय, ते अजून ठाऊक नाही. पण एक वचन देते. कर्ज काढून असो की दुकानात उभं राहून, पेपरला मी बसणार. नापास झालेच, तर खरोखरची होईन.

तुमची,
शीतल