पहिला ओरखडा

थंडर बे, कॅनडा
१४ मार्च

प्रिय सिर्का,

अनेक आशीर्वाद. रागावलेली असलीस तरी घे, धाकट्या बहिणीला नाकारता येत नाहीत.

मी ठणठणीत आहे. सरोवरावर बर्फ अजून घट्ट आहे, शनिवारी वाफेच्या न्हाणीची, सौनाची, भट्टी पेटते, आणि एकाहत्तराव्या वर्षी मी नवं स्वयंपाकघर केलंय. म्हातारीला वेड लागलं, असं शेजारी म्हणतात. म्हणू देत.

कपाटांची जुनी पांढरी दारं तुला आठवतच असतील. ओव्हनपाशी त्यांचा प्लास्टिकचा पापुद्रा सुटून लोंबायला लागला होता. आपल्या चुलत बहिणीचा, लेम्पीचा, मुलगा रेइनो आता चांगला सुतार झालाय. त्याने नमुन्याची तीन दारं आणून दिली: एक रंगवलेलं, एक लॅमिनेटचं, एक तेल पाजलेलं ओकच्या लाकडाचं. मी तिन्हींवर बिटाचा रस, मोहरीची चटणी आणि काळी कॉफी ओतून दुपारभर ठेवली. मग हिवाळी बूट चढवून एकेकाला लाथा घातल्या.

रेइनो म्हणाला, "मावशी, दार निवडतेयस की कुणावर राग काढतेयस?"

"तू गप कॉफी पी," मी म्हटलं.

रंगाचा टवका उडाला, आणि टवक्यावर मागून लावलेला रंग कधी जुळत नाही. लॅमिनेटवर एक डाग राहिला नाही, पण त्याची कड फुटली की अख्खं दार बदलावं लागतं. ओकवर बीटही राहिलं आणि बुटाची खूणही. रेइनोने पॉलिश पेपर घासला, तेलाचा हात फिरवला, दहा मिनिटांत दार होतं तसं. म्हणून वरची कपाटं लॅमिनेटची आणि खालची ओकची. सगळी सपाट, नक्षीबिक्षी नाही. खोबणीत पीठ अडकतं आणि मग मी चाकूच्या टोकाने कोरत बसते.

धक्के खालच्या दारांनाच बसणार आहेत. ओटाही वीतभर खाली घेतलाय. सिंकखाली दारच नाही, गुडघे आत जातील एवढी जागा मोकळी सोडलीय.

आता तुला कळलं असेल. लहानपणापासून माझ्या आधी तुलाच कळतं.

चार वर्षांपूर्वीचं थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण. बूट घालून घरात यायचं नाही, हे आईने आपल्या हाडात मुरवलेलं. तू चाकांच्या खुर्चीतून पहिल्यांदाच आलीस आणि मी तुला उंबऱ्यात थांबवून फडक्याने चाकं पुसली. आत खुर्ची पांढऱ्या दाराला घासली, तर मी "अगं, जपून!" म्हणत तोही ओरखडा पुसायला धावले. तू म्हणालीस, "ताई, चाकं काढून बाहेर बुटांशेजारी ठेवू का?" सगळे हसले. मीही हसले. तू ताटाला हात न लावता निघून गेलीस.

दारांची काळजी होती, असं मी चार वर्षं स्वतःला सांगितलं. साफ खोटं. मला तुला खुर्चीत बघवत नव्हतं, म्हणून मी चाकांकडे बघत राहिले. चुकले मी, सिर्का. मला माफ कर.

ख्रिसमसच्या कार्डात तू दोनच ओळी लिहिल्यास: लिफ्ट अकरा दिवस बंद, मी तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी मी रेइनोला बोलावलं. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आता सगळं तयार आहे, म्हणून विचारते. राहायला ये, कायमची. मागच्या दाराला उतार बांधलाय, सौनातला बाकही खाली घेतलाय. सोबतीला आपल्या गोड पावाचं, पुलाचं, पीठ मळणारं कुणी नाही, आणि माझा पुला अजून दगडच होतो.

दारं काल बसली. रेइनो जाताना म्हणाला, "मावशी, नवी आहेत तोवर जरा जप हं."

मी त्याच्यासमोरच बूट घातला आणि सिंकशेजारच्या दाराला सणसणीत लाथ हाणली. बिचारा बघतच राहिला. चांगली बोटभर खूण पडलीय. पॉलिश पेपर आणायला तो गाडीकडे निघाला, मी त्याला अडवलं. ती खूण तशीच राहणार आहे. या घरातला पहिला ओरखडा तुझ्या नावावर लागायला नको.

चाकं न पुसता ये.

तुझीच,
ताई