मागच्या बाजूची खोली

भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे. मी चिमीला घेऊन दादाकडे चालले आहे.

आपली तीन दिवसांची सहल आता होणार नाही. सकाळी मी लॉजवर फोन केला होता, चिमीचं दूध तापवून मिळेल का एवढंच विचारायला. तुझं नाव सांगताच तिथल्या बाई म्हणाल्या, "मागच्या बाजूचीच खोली ठेवलीय हो. वहिनींना रस्त्याच्या आवाजाने झोप लागत नाही ना."

मी त्या शहरात कधी पाऊलही ठेवलेलं नाही. तूही नाही, असं म्हणाला होतास. तरी स्टेशनवरून कुठली स्वस्तातली बस घ्यायची, संग्रहालय कुठल्या वारी फुकट असतं, सगळं तुला तोंडपाठ. आणि मी वेडी आईला कौतुकाने सांगत होते, आमच्या सहलीसाठी किती खपतोय बघ.

बाईंना मी "हो, तीच द्या" म्हणाले. मग फोन ठेवून चिमीची बॅग भरली.

दोन दिवस फोन करू नकोस. चिमी सारखी विचारतेय. बाबांना सुट्टी मिळाली नाही, असं मी तिला सांगितलंय. तेवढं खोटं माझ्यासाठीही बोल.