बोल्टवरची पांढरी खूण

मंगळवार, संध्याकाळ

तात्यांच्या गाडीचा इंजिनखालचा रबरी बुश आज बदलला. त्याचा बोल्ट मी आधी नुसता हाताने लावतो. जॅक काढून इंजिनचं वजन बुशवर आलं की पान्याने आवळतो, मग वर पांढऱ्या रंगाची खूण करतो. आज जॅक काढला आणि तात्या धावत आले. "आटप बाबा, सुनंला कळा सुरू झाल्यात, नगरला न्यायचंय." मी बॉनेट लावलं.

ते गेल्यावर आवरताना रंगाचा ब्रश हाती आला. कोरडा! खूणच राहिली, की आवळायचंही राहिलं? आठवत कसं नाही मला?

दहाव्या प्रयत्नात तात्यांना फोन लागला. "गाडी लई मऊ चालतीय रं. करंजी घाटाला लागलोय." थांबा म्हणेपर्यंत रेंज गेली.

ब्रशला पुन्हा पुन्हा बोट लावून बघतोय. कोरडाच आहे.