जोडोबाच्या बनातला तुझा दगड

सोलापूर,
रविवार, दुपारचे दीड
(जेवण झालेलं आहे, त्यामुळे पोट रिकामं म्हणून चिडलोय असं समजू नकोस.)

मित्रवर्य बडेसाब यांस सयाजीचा नमस्कार आणि सलाम. दोन्ही ठेवून घे, पुण्यात फुकट कोण काय देतंय?

इकडे सगळे बरे आहेत, माझा डावा गुडघा सोडून. तुझ्या गुडघ्याचं विचारत नाही, कारण फोटोत तो टेकडी चढताना ठणठणीत दिसतो. (सोलापुरात हाच गुडघा भाजी आणायलासुद्धा दुखत होता.) साखर किती आहे ते कळव. मदिनाबी वहिनींना सांग, त्यांच्या हातची शेंगा चटणी डब्याच्या तळाशी गेली, आता वासावर भाकरी खातो. तुझ्या शाकीरच्या इमारतीला लिफ्ट आहे हे तू तीन वेळा कळवलंस, तिन्ही वेळा आनंद झाला. मोबाइल असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण मी मोबाइलवर पानभर लिहिलं की तू एक अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही. बस आता, आणि वाच.

दसऱ्यापासून तुझे सतरा फोटो आले. मी काही मोजत बसत नाही, पण चौदांमध्ये ते प्रोफेसर दामले आहेत. माणूस चांगला असेल, माझं काही म्हणणं नाही. गळ्यात दुर्बीण, हातात घडीची काठी, डोक्यावर टोपी, एवढा सरंजाम आपण अख्ख्या नोकरीत कधी अंगावर घातला नाही. एका फोटोत त्यांचा हात तुझ्या खांद्यावर आहे. हरकत नाही, चढ असेल. दुसऱ्यात तू त्यांचा थर्मास धरून उभा आहेस. बावीस वर्षं मी तुझा कंडक्टर होतो, तिकिटाची पेटी आणि तुझा डबा दोन्ही मी सांभाळली, माझी पिशवी तू एकदाही धरली नाहीस! तेही जाऊ दे. पण परवाचा तो जाड खोडाचा वड, आणि खाली तू लिहिलेलं, की सरांनी ह्याचं नाव 'डेपो मॅनेजर' ठेवलं. सरांनी? बडेसाब, बनातल्या पोट सुटलेल्या चिंचेला ते नाव मी दिलं होतं आणि हसता हसता तू चहा सांडला होतास. त्यांना झाडांची लॅटिन नावं येतात ना, मग तीच ठेवावीत. आपल्या झाडाचं नाव उचलून परक्या वडाला कशाला? मला हे लागलं. स्पष्ट लिहितो, लागलं.

पुण्याच्या हवेत तू बनाचे नियमही विसरला असशील, म्हणून लिहून ठेवतो. अक्कलकोट रस्त्याचा फाटा, तिथून आत जोडोबाचं बन, आपल्या पणज्याच्या पणज्याच्याही आधीचं. वेशीवर चपला काढायच्या. आतलं काही, वाळकी काटकीसुद्धा, बाहेर आणायची नाही. आणि एकट्यानं आत जायचं नाही, कारण देवच मुळी जोडीचा. जोडीनं पहिल्यांदा जाताना वेशीवर एकावर एक दोन दगड ठेवायचे. नवीन जोडीदार केला तर जुन्याचा दगड उतरवून त्याचा ठेवायचा. पाहुण्याला दगड एकदा माफ. आपली ड्युटी एका गाडीवर लागली त्या वर्षी आपण ठेवले, खाली माझा, वर तुझा. (ड्रायव्हरला पुढचं दिसलं पाहिजे, असं तू म्हणालास. दगडाला काय दिसतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.) आठवलं?

तू गेलास म्हणून माझं फिरणं थांबलं असेल, असं प्रोफेसरांना सांगत असशील तर सांगू नकोस. माझ्याबरोबर यायला माणसांची रांग आहे. पहिला नंबर वैरागच्या आदिनाथचा, म्हणजे माझ्या साडूचा. अडतीचं दुकान मुलावर टाकून दिवाळीत आला होता. माणूस तुझ्यापेक्षा बोलका. इतका, की फाट्यापासून वेशीपर्यंत तो फोनवर कांद्याविषयी ओरडत होता आणि बनातले मोर दुसऱ्या गावाला गेले. चपला काढल्या, पण मोजे काढेना. म्हणाला, "मोजा म्हंजे काय चप्पल हाय व्हय?" राखणदारीण शांतम्मा नुसती पदराआड हसली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आत गेल्यावर 'डेपो मॅनेजर'ला त्यानं दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि ह्यात दारं-खिडक्या किती निघतील त्याचा हिशोब मोठ्यानं मांडला. देवाच्या झाडाखाली, देवापासून दोन हातांवर! मी त्या झाडाची माफी मागितली. (मनात. साडू आहे, सासुरवाडीला कळतं.)

बाहेर आलो तर त्याचे मोजे कुसळांनी पांढरे झालेले. शांतम्मा काठी आडवी धरून उभी. "यप्पा, बनातलं भाईर न्ह्यायचं न्हाई की," म्हणाली. आदिनाथला वाटलं म्हातारी गंमत करते. गंमत कसली! वेशीवर मांडी घालून त्यानं एकेक कुसळ उपटलं आणि एकेक आत नेऊन टाकलं (एकट्यानं जायचं नाही, म्हणून दर खेपेला जोडीला मी), आणि आत जाताना पुन्हा मोजे घालून गेला. म्हणजे चार टाकायचा आणि चाळीस घेऊन यायचा. मी सांगितलं नाही. दारं-खिडक्यांचा राग होता. सूर्य कलला तेव्हा शांतम्मालाच दया आली आणि तिनं मोजेच बनात ठेवून घेतले. आदिनाथनं वैरागला जाऊन सगळ्यांना सांगितलं की सोलापूरच्या देवाला मोजे लागतात.

दुसरे निंगप्पा, सात रस्त्याच्या मॉर्निंग वॉक ग्रुपचे अध्यक्ष. शिस्तीचा माणूस, तुझ्यासारखा दर दहा पावलांवर "थांब की जरा, पक्षी बघ" करणारा नाही. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. बन पाच एकरांचं, पायवाट लहान, आणि दहा हजार पावलं तर झालीच पाहिजेत. म्हणून ते एका वडाभोवती फिरत राहिले. मी पारंबीला टेकून बसलो. एक घुबड मान फिरवून फिरवून त्यांच्याकडे बघत होतं, शेवटी तेही कंटाळलं. "काय दिसलं?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नऊ हजार आठशे." असा जोडीदार मिळायला नशीब लागतं, बडेसाब. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले. पाहुण्याची एक वेळ झालेली, म्हणून शांतम्मानं विचारलं, मग जोडी लावणार का? निंगप्पा हो म्हणाले, वाकले आणि तुझ्या दगडाला हात घातला.

तेवढ्यात त्याच्याखालून साप निघाला. चांगला हातभर, काळा. मी "साप!" म्हणून ओरडलो आणि निंगप्पा अनवाणी जे सुटले ते फाट्यावर जाऊन थांबले. शेवटची दोनशे पावलं तिथं पूर्ण झाली. त्यांच्या चपला अजून वेशीवर आहेत, ग्रुपमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि तुझा दगड जिथल्या तिथं आहे.

आता मुद्द्याचं. शांतम्माचं म्हणणं असं, की दगड ज्यानं ठेवला त्यानंच उतरवायचा, दुसऱ्यानं हात लावला तर जोडोबा कोपतो. म्हणजे तुझ्या एका दगडापायी माझी रांग खोळंबून राहिली आहे. तिकडे तू मोकळा, तुझ्या टेकडीला ना दगड ना देव, कुणाच्याही खांद्यावर हात टाकून चढता येतं. इकडे मी अडकलोय. हा न्याय नाही.

वहिनींना पुन्हा नमस्कार, शाकीरला आशीर्वाद, छोट्या फिरदोसला गोड पापा. प्रोफेसरांना काही नाही. तुझा लोभ तिकडे वाटून संपला नसेल, तर उरलेला इकडे लावून दे.

तुझा (सध्या तरी)
सयाजी

ता. क. तेव्हा एका रविवारी ये आणि तुझा दगड उचलून घेऊन जा. सकाळी स्टँडवर उभा राहीन. चपला जुन्या घाल. प्रोफेसरांना आणू नकोस, तिघांनी जायची तिथं पद्धत नाही.

ता. क. २. साप नव्हता. मीच ओरडलो. निंगप्पांना सांगू नकोस, तसा तो भला माणूस आहे. आणि रांगही नाही. दर रविवारी मी वेशीपर्यंत जातो, भाकरी खातो, बाहेरूनच 'डेपो मॅनेजर'चा शेंडा बघतो आणि परत येतो. शांतम्मा विचारते, "कंडक्टर, डायवर कुटं हाय?" मी म्हणतो, येतोय, गाडी लेट आहे.

ता. क. ३. (पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं.) शांतम्मा तसं काही म्हणालेली नाही. दगड कुणीही उतरवला तरी चालतो, जोडोबा कोपत नाही. उलट तीच दर रविवारी सांगते, गेला तो गेला, उतरव आता. तुझा दगड हलका आहे, एका हातात मावतो. मी दोनदा हात लावून पाहिला. मला तो उचलवत नाही.